मुलगा म्हणतो, नाताळ मूर्तिपूजकांचा

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, वय ६१. यजमान प्रभूकडे गेले, त्याला चार वर्षं झाली. धाकटा मुलगा पुण्याला असतो आणि दोन वर्षांपासून एका नव्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातो. आता तो म्हणतो, २५ डिसेंबर हा रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा वाढदिवस, ख्रिसमसचं झाड यिर्मया संदेष्ट्याने निषिद्ध केलेलं, ईस्टर हे एका देवीचं नाव. ‘घरात झाड दिसलं तर मुलांना घेऊन येणार नाही’, असं त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं. दिवाळीला शेजारच्या वहिनींनी पाठवलेलं फराळाचं ताट त्याने मला तसंच परत करायला लावलं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मुलीच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन होतो, नातू त्यात गेला म्हणून बहीण-भावांत अबोला आहे. तो सांगतो ते खरं आहे का? आणि यंदा नाताळात मी काय करू? दोन्हीकडच्या पाळकांना मध्ये घेऊ का?

उत्तर : ताई, सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, एक इतिहासाचा आणि एक घरचा. मुलाने इतिहासाच्या जोरावर घरचा निकाल लावून टाकलाय. तो इतिहास अर्धा कच्चा आहे. आणि पक्का असता, तरी त्यावरून हा निकाल निघाला नसता.

आधी २५ डिसेंबर. मुलाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हे मान्य करून सुरुवात करा. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये रोममध्ये ‘अजिंक्य सूर्य’ या देवाचं मोठं मंदिर अर्पण केलं. इ. स. ३५४ च्या एका रोमी पंचांग-संग्रहात २५ डिसेंबरला ‘अजिंक्याचा जन्मदिवस’ म्हणून रथांच्या ३० शर्यती नोंदलेल्या आहेत. पण त्याच संग्रहात हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची एक यादी आहे, आणि तिच्या अगदी सुरुवातीला त्याच तारखेला लिहिलंय की ख्रिस्त यहूदीयातल्या बेथलेहेमात जन्मला. ही यादी मुळात इ. स. ३३६ ची मानली जाते. म्हणजे दोन्ही सणांचा सगळ्यात जुना निर्विवाद पुरावा एकाच बाडात सापडतो. कोणी कोणाची तारीख उचलली, हे त्यावरून ठरत नाही. ऑरेलियनचं मंदिर नेमकं २५ डिसेंबरलाच अर्पण झालं, असंही त्या काळचं कुठलं लिखाण सांगत नाही.

तारखेचा दुसरा एक उगम अभ्यासक मांडतात आणि तो नाताळाविरुद्ध फिरणाऱ्या व्हिडिओंत सहसा येत नाही. इ. स. २०० च्या आसपास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने येशूच्या मरणाची तारीख २५ मार्च धरली होती. गर्भधारणाही त्याच तारखेला झाली, असं पुढे मानलं गेलं. बिशप ऑगस्टीनने हे स्पष्ट लिहून ठेवलंय. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे काहींनी मरणाची तारीख ६ एप्रिल धरली, तिथून नऊ महिने म्हणजे ६ जानेवारी. आर्मेनियन मंडळी आजही प्रभूचा जन्म ६ जानेवारीलाच पाळते. हे गणितही सिद्ध झालेलं नाही, पण सूर्यदेवाच्या कथेइतकं वजन त्याला नक्कीच आहे.

बाकीची दोन नावं मुलगा घेईलच. सॅटर्नेलिया हा रोमी लोकांचा सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि लांबला तरी २३ ला संपे. २५ शी त्याचा संबंध लावता येत नाही. रोमी लोक पूजत त्या मित्र (मिथ्रास) नावाच्या देवाचा जन्म २५ डिसेंबरला साजरा होत असे, याला प्राचीन पुरावा नाही. सणाने सूर्याची जागा घेतली हा दावा लेखी स्वरूपात ठळकपणे दिसतो तो थेट १२ व्या शतकात, एका सिरियाई हस्तलिखिताच्या समासातल्या टिपेत.

मात्र मुलाच्या बाजूचंही सांगायला हवं. पहिली दोन शतकं ख्रिस्ती लोक नाताळ पाळत असल्याचा पुरावा मिळत नाही. इंग्लंडमधला मठवासी बीड इ. स. ७२५ मध्ये लिहितो की तिथले मूर्तिपूजक २५ डिसेंबरची रात्र ‘मातांची रात्र’ म्हणून पाळत. आणि पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्या प्रवचनात लोकांना रागावतात, कारण संत पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढून गेल्यावर काही ख्रिस्ती मंडळी मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान तुकवत होती. सरमिसळ होत होती आणि मंडळीला ती दिसत होती. लिओंनी सूर्यापुढे वाकणं थांबवायला सांगितलं, सण ठेवला. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

ईस्टरचं लवकर उरकतं. देवीचं नाव एकट्या बीडने दिलंय, तेही इंग्लंडमधल्या एका महिन्याच्या नावाचा उगम सांगताना. सण त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोणत्या दिवशी पाळायचा यावर स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प आणि रोमचा बिशप अनिकेत यांची चर्चा इ. स. १५५ च्या सुमारास झाली होती, तेव्हा या सणाशी इंग्लंडचा काही संबंध नव्हता. रंगवलेली अंडी लेंटमधून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातून आली: चाळीस दिवस अंडी वर्ज्य, कोंबड्या काही उपास करत नाहीत, साठा होतो आणि सणाला संपवावा लागतो. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९० च्या ईस्टरला ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्चल्याची नोंद आहे. ईस्टरचा इश्तार देवीशी संबंध जोडणारी मांडणी पसरवली ती अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाळकांनी, १८५० च्या दशकात, रोमन कॅथलिक मंडळीवर हल्ला करताना. मुलाच्या फोनवर फिरणाऱ्या बहुतेक व्हिडिओंचं मूळ तिथे आहे. मुळाचाच निकष लावायचा, तर तो या व्हिडिओंनाही लावायला हवा.

आता झाड. यिर्मया १०:३-४ मुलासोबत बसून वाचा, पण ५ व्या वचनापर्यंत जा आणि मग ९ वं वाचा. रानातलं झाड तोडतात, कारागीर हत्यार चालवतो, सोन्यारुप्याने मढवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात. पुढे, ते काकडीच्या मळ्यातल्या बुजगावण्यासारखं आहे, बोलत नाही, चालत नाही. नवव्या वचनात त्याला निळी-जांभळी वस्त्रं चढवलेली आहेत. हे लाकडात कोरलेल्या मूर्तीचं वर्णन आहे. बोलणं-चालणं आपण मूर्तीबद्दल म्हणू, सुरूच्या फांदीबद्दल नाही. शिवाय यिर्मया ख्रिस्तापूर्वी सहाशे वर्षांचा, आणि घरातल्या सजवलेल्या झाडाच्या नोंदी १६ व्या शतकातल्या आल्सेस प्रांतातल्या. १६०५ च्या स्ट्रासबर्गच्या एका वर्णनात झाडाला कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं आणि मिठाई टांगलेली आहे. सफरचंद तिथे आलं, ते बहुधा २४ डिसेंबरच्या आदाम-हव्वेच्या नाटकातल्या झाडावरून.

एवढं सांगूनही मुलगा गप्प बसणार नाही, आणि बसूही नये, कारण त्याच्याकडे एक दमदार वचन आहे: अनुवाद १२:३०-३१. ती राष्ट्रं आपल्या देवांची सेवा कशी करत होती याची चौकशी करून तुम्ही तसं करू नका. याला उडवाउडवीचं उत्तर देऊ नका. संदर्भ दाखवा. ते लोक काय करत होते हे त्याच वचनात पुढे आहे: मुलं अग्नीत होमत होते. मनाई आहे ती परक्या पूजेची रीत यहोवाच्या पूजेत आणायला. चांदणी, करंजी, झाड यांच्यापुढे तुमच्या घरी कोणी काही मागत नाही, नवस बोलत नाही, दिवा ओवाळत नाही.

मूळ आणि वापर यांचा हिशेब पवित्र शास्त्र कसा करतं, हे पाहायचं तर २ राजे १८:४ उघडा. पितळी सर्प खुद्द देवाच्या आज्ञेने मोशेने केलेला. याहून शुद्ध मूळ कुठल्या वस्तूचं असणार? तरी लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. उलट बाजूने १ करिंथकरांस १०:२५ पाहा. बाजारात विकायला असलेलं मांस, मग त्यातलं काही मूर्तिमंदिरातून आलेलं का असेना, चौकशी न करता खा, असं पौल लिहितो. आणि योहान १०:२२ मध्ये येशू मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाच्या वेळी यरुशलेमात मंदिरात होता. तो सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही. माणसांनी सुरू केलेला आहे. ‘पवित्र शास्त्रात सांगितलेला नाही म्हणून पाळू नये’ या युक्तिवादाला एवढं पुरे.

तुमचा मुलगा नवा काही नाही, हे त्याला कळलं तर बरं होईल. त्याच्या मताला मोठी परंपरा आहे. तर्तुलियन चिडून लिहितो की सणाच्या दिवशी दारात दिवे आणि तमालाच्या माळा लावण्यात ख्रिस्ती मूर्तिपूजकांच्याही पुढे गेलेत. पण त्याच लिखाणात तो साखरपुडा, लग्न, बारसं अशा शेजाऱ्यांच्या घरच्या कार्यांना जायला परवानगी देतो. अट एकच: यज्ञात हात लावायचा नाही. इतक्या कडक माणसानेही कार्य आणि पूजा वेगळी धरली.

पोप ग्रेगरी यांनी इ. स. ६०१ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या केंटच्या राजाला लिहिलं की मूर्तींची देवळं पाडा. महिन्याभरातच तिकडे निघालेल्या मेलिटस या मिशनऱ्याला दुसरं पत्र गेलं: देवळं पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, आणि बैल कापायची सवय असलेल्या लोकांना चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून देवाच्या नावाने जेवू द्या.

प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधले कडवे प्रॉटेस्टंट, दुसऱ्या टोकाला गेले. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ आणि ईस्टर दोन्ही रद्द केले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, तो १६८१ पर्यंत होता. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली आली. आता गंमत पाहा. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये तुमच्या नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्याच न्यू इंग्लंडच्या, प्युरिटनांच्या वारशातल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचं. ज्यांच्या पणजोबांच्या आधीच्या पिढ्यांनी नाताळला दंड लावला, त्यांच्या हातून आलेल्या विश्वासात तुमच्या गावच्या मंडळीने चांदणी, गव्हाण आणि कॅरल घट्ट धरून ठेवली. मुलगा पूर्वजांच्या मताकडे परत चाललाय, एवढंच.

मूळ शोधत सुटलं की थांबायचं कुठे, हा खरा घोळ आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या हुकुमात तुळस लावण्यापासून मीठ न घालता भात शिजवण्यापर्यंत मनाई आहे, कारण हिंदू तसं करतात. तोच न्याय लावला तर तुमच्या सुनेच्या गळ्यातलं काळ्या मण्यांचं, क्रूस ओवलेलं मंगळसूत्र जाईल, लग्नातली हळद जाईल आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनंही जातील, कारण ते साचे पंढरीच्या वाटेवरचे. मुलाने हे सगळं सोडलंय का, असं त्याला टोचून नका विचारू. शांतपणे विचारा: हे ठेवलं आणि झाड टाकलं, ते कोणत्या नियमाने? तो नियम त्याला मांडता आला, तर तुमची चर्चा पुढे सरकेल.

आता घर. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्याच्या आधी दोन आठवडे मुलाला एकट्याला भेटा. फोनवर नको, नातवंडांसमोर नको, आणि मुलीला त्या बैठकीत मुळीच नको. बोलणं इतिहासापासून सुरू केलंत तर तुम्ही दोघं रात्री अकरापर्यंत रोममध्येच अडकाल. रोमकरांस १४ वा अध्याय एकत्र वाचा. एक जण एक दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो. दोघांनी आपापल्या मनाची खात्री करून घ्यावी, आणि दुसऱ्याच्या नोकराचा न्याय करू नये. हे मुलालाही लागू आहे आणि तुम्हालाही.

इथे एक चूक फार होते. ‘मला ठेच लागते, म्हणून तू सोड’ असं म्हणत लोक या अध्यायाची काठी करतात. पौलाच्या लिहिण्यात ठेच लागणं म्हणजे दुसऱ्याचं पाहून स्वतःच्या विवेकाविरुद्ध वागायला लागणं. तुमचं झाड पाहून मुलगा त्याची पूजा करू लागेल, असा धोका नाही. त्याला ते आवडत नाही, एवढंच. त्यामुळे झाड काढणं तुमच्यावर शास्त्राने बंधनकारक नाही.

तरीही माझं मत विचाराल तर यंदा झाड लावू नका. ते तुमच्या विश्वासाचा भाग नाही, आणि नातवंडं त्याहून मोठी आहेत. पण ते कबुली म्हणून काढू नका, भेट म्हणून काढा, आणि हे शब्दांत सांगा: “झाड पाप आहे असं मला वाटत नाही. तू यावास म्हणून मी ते लावत नाहीये.” हे न बोलता झाड माळ्यावर टाकलंत, तर पुढच्या वर्षी चांदणीची पाळी येईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी करंजीची. चांदणी आणि गव्हाण राहतील, २५ ची उपासना राहील. तो चर्चमध्ये आला नाही तरी चालेल; तुम्ही जाणार. सांताची टोपी, भेटींचा ढीग, हे मुलाला सलत असेल तर खुशाल सोडा, त्यात माझंही मत त्याच्याकडे झुकतं.

बदल्यात त्याच्याकडून दोन गोष्टी मागा. २४ च्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत लूक २:१-२० त्यानेच वाचावं. त्याला न पटणारं त्यात काही नाही. आणि जेवणाच्या पाटावर सूर्यदेव निघणार नाही. लहान मुलांनी काही विचारलंच तर “बाबांच्या घरी असं, आजीच्या घरी असं” एवढं उत्तर पुरतं. मुलं ते मोठ्यांपेक्षा सहज घेतात.

फराळाचं ताट परत करणं मात्र चुकलं. १ करिंथकरांस १०:२७ सांगतं, पुढे ठेवलेलं खा, चौकशी करू नका. २८ वं वचन सांगतं, कोणी ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. चिवडा, चकली, लाडू हे शेजारधर्माचं खाणं, घ्या. लक्ष्मीपूजनाचा प्रसाद म्हणून वहिनींनी काही वेगळं हातावर ठेवलं तर “वहिनी, प्रसाद आम्ही घेत नाही, फराळ मात्र ठेवून जा” असं हसून म्हणता येतं. शेजाऱ्यांना हे कळतं, त्यांना झोंबतं ते परत आलेलं भरलेलं ताट. नाताळच्या आधी तुम्ही स्वतः जा. करंज्या, शंकरपाळी, केक घालून ताट द्या आणि दिवाळीत झालं त्याबद्दल माफी मागा. मुलाच्या नावाने खापर फोडू नका.

हॅलोवीनचा निर्णय मुलीचा आणि जावयाचा, मामाचा नाही. ती १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र; आयर्लंडच्या जुन्या सणाशी तिचं नातं किती, यावर वाद आहेत. मुलीच्या सोसायटीत पोहोचते ती दुकानांतली आवृत्ती. वेष आणि गोळ्या यांना हरकत नको. मृतांचे आत्मे बोलावण्याचा फळा, पत्ते मांडून भविष्य पाहणं असलं काही खेळात असेल तर नातवाला तिथून उठवावं. अनुवाद १८:१०-११ त्या बाबतीत स्पष्ट आहे, आणि तिथे मुलाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

दोन्हीकडच्या पाळकांना मध्ये घेऊ का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. यंदा नको. पाळक आले की हा दोन मंडळ्यांचा सामना होतो आणि मुलाला मागे यायला वाट उरत नाही. एवढं करूनही तो २५ ला आला नाही, तर भांडू नका आणि झाडही लावू नका. २६ ला डबा घेऊन तुम्हीच पुण्याची एसटी धरा.